कटिंग मशीनकडून पहिल्या पानाकडे

पुस्तकाची, दिवाळी अंकाची किंवा मंडळाच्या स्मरणिकेची फाईल करायला बसलेला माणूस साधारणपणे पहिल्या पानापासून सुरुवात करतो. शीर्षक कुठे, फोटो केवढा, रंग कोणता हे ठरवत पुढे सरकतो आणि शेवटी पीडीएफ काढून छापखान्यात धाडतो. पण पहिल्या पानाच्या बऱ्याच गोष्टी छापखान्यातल्या शेवटच्या टप्प्याने, म्हणजे कटिंग मशीनने आणि बाइंडरच्या टेबलाने, आधीच ठरवून टाकलेल्या असतात. म्हणून फाईलचा विचार शेवटाकडून मागे करावा, असं माझं मत आहे. आधी कापणं, मग घडी, मग शाई, आणि सजावट त्यानंतर.

कटिंग मशीनच्या पात्याखाली एका वेळी शेकडो कागदांची थप्पी असते. पातं दाबत खाली येताना वरचा आणि तळाचा कागद एका रेषेत राहतोच असं नाही. त्याआधी घडीतही थोडा फरक पडलेला असतो. त्यामुळे कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो बरोबर कडेवरच थांबवला, तर काही प्रतींत तिथे पांढरी चीर उरते. म्हणून तो कापायच्या रेषेच्या बाहेर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. यालाच ब्लीड म्हणतात. ए-४ आकाराचं पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं. ब्लीडसह ते २१६ बाय ३०३ होतं. उलट, जे कापलं जाऊ नये ते, म्हणजे पानांचे आकडे, मजकूर, जाहिरातदाराचा फोन नंबर, कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत हवं. हे दोन्ही आकडे काम सुरू करतानाच मांडायचे असतात. शेवटी आठवलं, की लोक अख्खं पान १०३ टक्क्यांपर्यंत मोठं करून ब्लीड ‘काढतात’, आणि मग आतला मजकूर कडेवर जाऊन बसतो.

पानाला चौफेर चौकट काढायची आपल्याकडे फार हौस. ती कडेजवळ असेल तर कापताना पडलेला मिलिमीटरभर फरकही उघडा पडतो, कारण डोळा एका बाजूची पट्टी दुसऱ्या बाजूच्या पट्टीशी ताडून बघतो. चौकट नसती तर तो फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. चौकट हवीच असेल तर ती पुरेशी आत घ्यावी.

कापण्याच्या आधी घडी येते. मराठी पुस्तकांचा सर्वांत ओळखीचा आकार डेमी १/८, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. डेमी आकाराच्या कागदाला तीन घड्या घातल्या की आठ पत्रे, म्हणजे सोळा पानं होतात. ‘१/८’ तिथून आलं. या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात आणि पुस्तकाचा सगळा हिशेब फॉर्मांत चालतो. १५० पानांचं पुस्तक म्हणजे नऊ फॉर्म आणि वर सहा पानं. ही सहा पानं छापायला वेगळी जुळणी, वेगळ्या प्लेटा, मशीनवर वेगळी फेरी. त्यापेक्षा मजकूर १४४ पानांत आवळावा किंवा १५२ अथवा १६० पानांपर्यंत न्यावा. आठ पानांचा अर्धा फॉर्म बहुतेक ठिकाणी सोयीने निघतो. ही आकडेमोड लेखकाला प्रस्तावना लांबवू देण्याआधी करायची असते.

मोठ्या कागदावर पानांची जुळणी करणं हे छापखान्याचं काम. तिथे पहिल्या पानाशेजारी सोळावं येतं, काही पानं उलटी लागतात, आणि ते मशीननुसार बदलतं. आपण पानं सुटी, क्रमाने, एकेक करून द्यायची. समोरासमोरची दोन पानं एकत्र जोडून दिली, तर ती आधी सोडवावी लागतात.

बांधणीचाही फाईलवर हक्क असतो. मध्ये पिना मारायच्या अंकात कागद एकात एक बसतात, त्यामुळे आतले कागद बाहेरच्यांपेक्षा थोडे पुढे येतात आणि कापताना त्यांची बाहेरची समास-जागा जास्त जाते. ६४ पानांच्या अंकात सोळा दुमडलेले कागद असतात. कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा धरला तरी सगळ्यात आतला कागद सुमारे दीड मिलिमीटर पुढे सरकतो. परफेक्ट बाइंडिंगमध्ये उलट प्रकार: कण्याची बाजू खरवडून तिला गोंद लावतात, आणि असं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. तिथे आतला समास सढळ हवा. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत माणसाचा चेहरा मधोमध आला, तर नाक बाइंडिंगमध्ये गेलंच म्हणून समजा.

कण्याची रुंदी अंदाजाने ठरवू नये. २४० पानं म्हणजे १२० पत्रे. प्रत्येक पत्र ०.१ मिलिमीटर जाड असेल तर कणा १२ मिलिमीटरचा. पण एकाच वजनाचे, म्हणजे एकाच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे निघतात. कुणी फुगीर असतो, कुणी दाबलेला. म्हणून प्रत्यक्ष वापरायच्या कागदाची कोरी डमी छापखान्याकडून बांधून घ्यावी आणि पट्टीने मोजावी. मुखपृष्ठाची फाईल मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ अशी सलग एकच असते. डमी हाती येईपर्यंत ती पक्की करण्यात अर्थ नाही.

आता शाई. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छापखाना निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या बारीक ठिपक्यांनी. प्रकाश मिसळला की उजळतो, शाई मिसळली की गडद होते. त्यामुळे पडद्यावरचा लखलखीत पोपटी किंवा विजेरी निळा चार शायांत येतच नाही. रूपांतर आपण केलं नाही तर छापखान्यातलं सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने करतं. दोन रंग आपल्याकडे नेहमी छळतात. एक गडद निळा: सायन १०० आणि मॅजेंटाही शंभराच्या जवळ गेला की तो जांभळा दिसू लागतो, मॅजेंटा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावा. दुसरा भगवा. तो मॅजेंटा आणि पिवळ्यातून येतो. त्यात सायनचे चार-सहा टक्के जरी शिरले तरी मळतो. फोटोतून किंवा इंटरनेटवरून उचललेल्या भगव्यात असे टक्के हमखास लपलेले असतात. शिवजयंतीच्या पत्रकावर मळका भगवा आला की शिव्या मशीनमन खातो, आणि दोष बहुतेक वेळा फाईलमध्ये असतो.

पण सर्वांत जास्त घोटाळे काळ्या रंगाचे, कारण काळा म्हणजे काळाच, त्यात काय बघायचं, असं सगळ्यांना वाटतं. पडद्याच्या रंगांतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या अमेरिकी धाटणीच्या रूढ सेटिंगमध्ये बदलला, की त्याचं सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असं मिश्रण होतं. म्हणजे वर्डमधून आलेला साधा मजकूर चार प्लेटांवर विभागला जातो. आता चारही प्लेटा कागदावर एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. देवनागरीत ९ पॉइंटच्या अक्षरावरचा अनुस्वार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एखादी प्लेट दशांश मिलिमीटरने सरकली तरी त्याच्या कडेला गुलाबी किंवा निळी झालर दिसते, रेफ-रुकार भरतात आणि वाचताना डोळ्यांना कुठेतरी टोचत राहतं. मजकुराचा काळा नेहमी फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के, असावा.

ही रंगजुळणी आजची गोष्ट नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि प्रत्येक दगडाखालून तोच कागद पुन्हा जाई. आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आहे आणि चारही रंग मशीनच्या एकाच फेरीत लागू शकतात, पण कागदाचा स्वभाव तोच. दमट हवेत तो पाणी शोषतो आणि धाग्यांच्या आडव्या दिशेने ताणला जातो. आपला दिवाळी अंकांचा हंगाम नेमका पावसाळ्याच्या शेपटाला येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी छापखान्यांची ही धांदल ठरलेली आहे. अशा दिवसांत चार रंगांतून उलटी काढलेली बारीक पांढरी अक्षरं देणं म्हणजे संकटाला आवताण.

मोठ्या काळ्या जागेचं गणित वेगळं. मुखपृष्ठाची संपूर्ण काळी पार्श्वभूमी फक्त काळ्या शाईने छापली तर करडी, विटकी वाटते. तिथे काळ्या १०० खाली सायन ६० आणि मॅजेंटा, पिवळा प्रत्येकी ४० असा आधार देतात. एकूण झाले २४० टक्के. चारही शंभर करण्याचा मोह टाळावा. आर्ट पेपरवर साधारण ३०० टक्क्यांपुढे शाई वेळेत वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते आणि ती पानं पुन्हा छापावी लागतात. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा बिनलेपाचा कागद, किंवा न्यूजप्रिंट यांना याहून कमी शाई झेपते. आणखी एक बारकावा: रंगीत पार्श्वभूमीवरचा काळा मजकूर ‘ओव्हरप्रिंट’ ठेवावा, म्हणजे खालचा रंग कापला न जाता शाई वर चढते. तेच सेटिंग चुकून पांढऱ्या अक्षरांना लागलं, तर अक्षरं छापलीच जात नाहीत. पडद्यावर दिसतात, कागदावर गायब.

फोटोंबद्दल ‘३०० डीपीआय हवा’ एवढं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. कशासाठी, हे फारसं कुणी सांगत नाही. चांगल्या कागदावर एका इंचात ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी छापतात, आणि प्रत्येक ओळीसाठी दोन पिक्सेल असले की तपशील नीट उतरतो. म्हणून ३००. वर्तमानपत्राच्या कागदावर ओळी शंभराच्या आसपास असतात, तिथे २०० पुरतात. हा आकडा छापायच्या आकाराला लागू आहे. १२०० पिक्सेल रुंद फोटो चार इंचात सुरेख दिसेल, आठ इंचात फुटेल. फोटोशॉपमध्ये जाऊन ७२चे ३०० करून आणलेले पिक्सेल हे सॉफ्टवेअरने कल्पनेने भरलेले असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकाराने आणि दर्जाने दाबलेला असतो. पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं की मूळ फाईल येते. एवढी एक विनंती वेळेत केली तर स्मरणिकेतले निम्मे चेहरे वाचतात.

एकरंगी पुस्तकात रंगीत फोटो टाकून सोडून देऊ नयेत. लाल शालू आणि हिरवी झाडी करड्या रंगात एकसारखी दिसू शकतात. कोणती उजळायची, कोणती गडद, हे माणसानेच ठरवायला हवं. त्यातून मॅपलिथो शाई पितो आणि ठिपका पसरतो. फाईलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७०च्या आसपास दिसू शकतो. आधीच सावलीत असलेला चेहरा त्यात पार काळवंडतो. अशा कागदासाठी फोटो पडद्यावर थोडा फिकाच वाटेल इतका उजळून द्यावा. आयएसबीएनचा बारकोड मात्र कधीच फोटो म्हणून टाकू नये. तो रेषांच्या रूपातला, फक्त काळ्या शाईचा, पांढऱ्या जागेवर हवा.

आणि आता खास आपलं दुखणं: अक्षर. आल्डस कंपनीचा पेजमेकर १९८५ साली आला आणि पुढे १९९४ मध्ये ती कंपनी ॲडोबीने घेतली. त्या पिढीच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावाचं काही आहे हेच माहीत नव्हतं. मग आपल्याकडच्या तंत्रज्ञांनी एक शक्कल लढवली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे फॉन्ट याच जोरावर घरोघरच्या डीटीपीत पोचले. मराठी प्रकाशनाला संगणकाने उभं केलं ते या शकलीने, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की सगळा इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो. आजही जुन्या लेखकांच्या कथा अशाच फायलींत येतात.

त्यांचं युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीला स्वतःच्या जागा देणाऱ्या आजच्या संकेतपद्धतीत, रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत ‘कि’ची वेलांटी क-च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. रूपांतरात हा क्रम चुकला की ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो. अख्खा मजकूर वाचायला वेळ नसेल तर निदान रफार, पहिली वेलांटी, ‘श्र’, आणि ‘सुऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र शोधून तपासावा. चुका बहुधा तिथेच दबा धरून असतात.

युनिकोड मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की दुसरी अडचण समोर येते. तिथली नेहमीची परिच्छेद-रचना देवनागरी जाणत नाही. जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला की मजकूर जागेवर येतो. मेख अशी, की ही निवड प्रत्येक परिच्छेदाला चिकटलेली असते. मुख्य मजकूर सुधारला तरी फोटोओळी, तळटीपा आणि कोपऱ्यातल्या चौकटी तशाच मोडक्या राहू शकतात. म्हणून ती स्टाइलमध्येच पक्की करावी. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली, तर ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. तिसरी गोष्ट ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं, म्हणून कुणी अ-वर चंद्र चढवून काम भागवतात. एका फॉन्टमध्ये ते ठीक दिसतं, दुसऱ्यात चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. फॉन्ट बदलला की ‘ॲ’चे सगळे शब्द पुन्हा पाहावेत.

‘सगळं कर्व्ह करून द्या’ हा छापखान्यांचा जुना आग्रह याच अनुभवातून आलेला आहे. अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलं की फॉन्ट असो-नसो, दिसायचं ते दिसतं. कोरलड्रॉची फाईल द्यायची असेल, आणि छापखान्यात जुनी व्हर्जन असेल, तर तोच सुरक्षित मार्ग. मात्र त्यानंतर शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त करता येत नाही, आणि बारीक अक्षर किंचित जाड उतरू शकतं. पत्रिकेला, मुखपृष्ठाला कर्व्ह चालेल. तीनशे पानांच्या कादंबरीला नको. तिथे फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ द्यावी.

पीडीएफ १९९३ साली आली. छपाईसाठीच्या तिच्या शिस्तीला २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचं रूप मिळालं. पीडीएफ/एक्स-१ए या प्रकारात सगळे फॉन्ट आत असावेच लागतात, पडद्याचे रंग चालत नाहीत आणि पारदर्शक थर आधीच सपाट करावे लागतात. नंतरच्या एक्स-४मध्ये पारदर्शकता जिवंत राहते. कोणती हवी हे छापखान्याला विचारावं. तिथली यंत्रणा जुनी असेल तर एक्स-१ए बरी. वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफचे रंग पडद्याचे असतात, हे विसरू नये. पैसे खर्च करायचे नसतील तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर चार शाया, ब्लीड, पीडीएफ/एक्स हे सगळं जाणतं आणि १.५ मालिकेपासून देवनागरीही नीट मांडतं.

फाईल पाठवण्याआधी एक तपासणी मी कधीच वगळत नाही. ॲक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडला की चारही प्लेटा वेगवेगळ्या दिसतात. त्यातली काळी बंद करायची. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर काम चोख. भुतासारखी करडी अक्षरं मागे उरली, तर तो मजकूर चार रंगांत आहे. पांढरी अक्षरं, लपलेला पाचवा रंग आणि शाईची टक्केवारी हेही तिथेच कळतं. त्याशिवाय एक-दोन पानं घरच्या प्रिंटरवर शंभर टक्के आकारात छापून, कापून हातात धरावीत. पडद्यावर पान मोठं करून बघायची सवय झालेली असते. ८ पॉइंटची फोटोओळ आजोबांना वाचता येईल का, हे कागदच सांगतो.

सोळा पानांचा चाररंगी फॉर्म म्हणजे कागदाच्या दोन बाजूंच्या मिळून आठ प्लेटा. प्लेटा निघाल्यानंतर एका शब्दाची दुरुस्ती आली, तर मजकूर एकरंगी काळ्यात असताना एकच प्लेट बदलावी लागते. चार रंगांत असेल तर चार. दुरुस्ती देताना अख्खं पुस्तक पुन्हा पाठवू नये. फक्त बदललेलं पान, नावात पान क्रमांक आणि तारीख घालून द्यावं, नाहीतर जुन्या आणि नव्या फायलींची सरमिसळ होते. छपाई झाली की प्लेटा सहसा भंगारात जातात. दुसरी आवृत्ती फाईलवरूनच काढायची असते, आणि पीडीएफ कितीही सुंदर छापली गेली तरी तिच्यातून उचललेला मराठी मजकूर अनेकदा विस्कटलेला निघतो. म्हणून छापखान्याला दिलेल्या पीडीएफबरोबरच उघडता येणारी मूळ फाईल, फॉन्ट, फोटो आणि अंतिम दुरुस्त्यांसह युनिकोडमधला साधा मजकूर, असं चौघांचं बोचकं प्रकाशकाने आपल्याकडे ठेवावं.